हप्ता भरूनही घर जाते तेव्हा

(अमेरिकेतील गृहकर्जाच्या प्रश्नावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



पुण्याच्या किंवा ठाण्याच्या बँकेत जाऊन एखाद्याने 'गृहकर्जाचे फोरक्लोजर करावयाचे आहे' असे सांगितले, तर समोरचा अधिकारी त्याचे अभिनंदन करतो. भारतीय बँकांच्या व्यवहारात या शब्दाचा रूढ अर्थ मुदतीपूर्वी कर्ज फेडून मोकळे होणे असा आहे. २०१२ च्या जून महिन्यात रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर अशा मुदतपूर्व फेडीचे शुल्क घेण्यास बँकांना मनाई केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरांना हायसे वाटले होते. तोच शब्द न्यू जर्सीतील एडिसनमध्ये किंवा टेक्सासमधील एखाद्या उपनगरात उच्चारला, तर घरात सुतकी शांतता पसरते. तेथे फोरक्लोजर म्हणजे हप्ते थकल्यामुळे सावकाराने तारण घर ताब्यात घेऊन लिलावात विकणे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ लक्षात ठेवूनच पुढील विषयाकडे वळणे इष्ट ठरेल. या सभागृहातील कित्येक कुटुंबांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांनी तेथे घरे घेतली आहेत, आणि त्या घरांच्या पहिल्या रकमेत येथील आई-वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीचाही वाटा असू शकतो.

सर्वसाधारण समजूत अशी असते की, ज्याने हप्ता भरला नाही त्याचे घर जाते आणि ज्याने भरला त्याचे राहते. बहुतांश वेळा ते खरेही असते. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील न्यायालयांत आणि सरकारी चौकश्यांत जी प्रकरणे पुढे आली, त्यांतील एक मोठा वर्ग वेगळा आहे. तेथे वाद हप्ता न भरल्याचा नसून हप्ता किती होता, तो कोणत्या खात्यात जमा झाला आणि हिशेब कोणी ठेवला, याचा आहे.

अमेरिकेत गृहकर्ज प्रायः तीस वर्षांचे आणि ठरलेल्या, न बदलणाऱ्या व्याजदराचे असते. त्यामुळे नवागताची कल्पना होते की, हप्ता तीस वर्षे एकच राहणार. प्रत्यक्षात त्या हप्त्याचे चार घटक असतात : मुद्दल, व्याज, घरावरील कर आणि घराचा विमा. पहिले दोन स्थिर असतात. उरलेले दोन मुळीच स्थिर नसतात. कर आणि विमा यांचे पैसे कंपनी दरमहा थोडे थोडे गोळा करून एका स्वतंत्र खात्यात ठेवते आणि वेळ आली की कर्जदाराच्या वतीने काउंटीला व विमा कंपनीला देते. या खात्याला 'एस्क्रो' म्हणतात. शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ कागदाची गुंडाळी असा आहे. मुंबई-पुण्यात मालमत्ता कर घरमालक स्वतः महापालिकेत भरतो, बँकेचा त्याच्याशी संबंध येत नाही. म्हणून मराठी माणसाला ही व्यवस्था अपरिचित वाटते.

ही व्यवस्था मुळात दुष्ट हेतूने जन्मली नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. १९३० च्या दशकातील महामंदीत अनेकांची घरे कराच्या थकबाकीपोटी गेली. त्यानंतर, १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने हमी दिलेल्या कर्जांतून कराची रक्कम मासिक हप्त्याबरोबरच गोळा करण्याची पद्धत रुळली. यात सावकाराचा स्वार्थ उघड आहे. घरावरील कराचा बोजा गहाणाच्या आधी येतो. कर थकला तर सावकाराचे तारणच धोक्यात येते. आणि हा धोका केवळ पुस्तकी नाही. मिनेसोटा राज्यातील हेनेपिन काउंटीने एका वृद्धेचे छोटे घर दंड-व्याजासह सुमारे १५ हजार डॉलरच्या कर-थकबाकीपोटी घेतले, ४० हजारांना विकले आणि वरचे २५ हजारही स्वतःकडेच ठेवले. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे घटनाबाह्य ठरविले, तेव्हा त्या वृद्धेचे वय ९४ होते.

आता या खात्याचे अंकगणित पाहावे, कारण सगळ्या भांडणाचे मूळ तेथे आहे. समजा, एका घराचा वार्षिक कर ९,००० डॉलर आणि विमा १,८०० डॉलर आहे. एकूण १०,८०० म्हणजे महिन्याला ९००. याखेरीज १९७४ च्या 'रेस्पा' नामक कायद्यानुसार कंपनीला वर्षाच्या खर्चाच्या जास्तीत जास्त एक-षष्ठांश, म्हणजे दोन महिन्यांची रक्कम गंगाजळी म्हणून ठेवता येते. येथे ती १,८०० होते. पुढल्या वर्षी कर १०,८०० झाला आणि विमा ३,००० झाला, तर खर्च १३,८०० होईल. जमा झालेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च झालेले ३,००० अधिक वाढलेल्या गंगाजळीसाठी ५०० अशी ३,५०० ची तूट निघते. ती साधारणतः बारा महिन्यांत विभागून घेतली जाते. नवा मासिक भरणा १,१५० अधिक सुमारे २९२, म्हणजे १,४४२ च्या आसपास. व्याजदर एक दशांशानेही वाढला नाही आणि हप्ता मात्र महिन्याला ५४२ डॉलरने चढला! कानामागून आली आणि तिखट झाली, अशी या एस्क्रोची गत आहे.

विम्याच्या बाबतीत अशी वाढ काल्पनिक राहिलेली नाही. फ्लोरिडात वादळांमुळे आणि कॅलिफोर्नियात वणव्यांमुळे हप्ते चढले. 'स्टेट फार्म'सारख्या बलाढ्य कंपनीने मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात नवे गृहविमे घेणे थांबविले. नव्या वसाहतीत घर घेणाऱ्याची तर वेगळीच फसगत होते. पहिल्या वर्षी कर केवळ मोकळ्या भूखंडावर आकारलेला असतो, एस्क्रो त्यावरच बेतलेला असतो, आणि बांधलेल्या घराचे मूल्यांकन झाल्यावर दुसऱ्या वर्षी कर अनेक पटींनी वाढतो. कॅलिफोर्नियात मालकी बदलल्यावर जे पुरवणी कराचे देयक निघते, ते थेट घरमालकाच्या नावे येते, कर्जाच्या कंपनीकडे जात नाही. 'कर तर एस्क्रोतून जातोच आहे' अशा समजुतीने ते पाकीट बाजूला पडले की दंड सुरू.

येथवर जे झाले ते त्रासदायक असले तरी अन्याय्य नव्हे. अन्यायाचा प्रारंभ पुढे होतो. ज्या बँकेने कर्ज दिले तिच्याकडे ते क्वचितच राहते. कर्ज विकले जाते, हजारो कर्जांच्या गाठोड्यात बांधले जाते, त्या गाठोड्यावर रोखे निघतात आणि ते जगभरच्या गुंतवणूकदारांकडे जातात. हप्ता गोळा करणारी आणि हिशेब ठेवणारी कंपनी तिसरीच असते. तिला तेथे 'सर्व्हिसर' म्हणतात. तिचे नियमित वेतन उरलेल्या मुद्दलाच्या वर्षाला पाव टक्क्याच्या आसपास असते. परंतु विलंबशुल्क, घराच्या तपासणीचे शुल्क अशी जी आकारणी थकबाकीदारावर होते, तिचा मोठा भाग याच कंपनीच्या पदरात पडतो. आणि घर लिलावात गेले तर तिने केलेला खर्च गुंतवणूकदाराच्या आधी वसूल होतो. म्हणजे ज्याचे पैसे बुडायचे तो लांब राहिला, आणि ज्याच्या हातात खातेवही आहे त्याला कर्जदार अडचणीत येण्यात लाभ आहे. मराठी माणसाने गावोगावचे सावकार पाहिले आहेत. ते निष्ठुर असतील. पण निदान त्यांच्या वहीतील कर्ज त्यांचे स्वतःचे असे.

या रचनेत एक छोटी चूक कशी वाढत जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. एस्क्रोच्या वाढीचे पत्र येते. कर्जदार ते वाचत नाही किंवा त्याला ते अमान्य असते, आणि तो जुन्याच रकमेचा धनादेश पाठवितो. रक्कम पाचशे डॉलरने कमी असते. कंपनी ती हप्ता म्हणून जमा करीत नाही. ती 'सस्पेन्स' खात्यात, म्हणजे अधांतरी ठेवते. हप्ता आला नाही म्हणून विलंबशुल्क लागते. पुढचा हप्ता आला की त्यातून आधी मागील देणे वळते होते, त्यामुळे तोही अपुरा ठरतो. दोन-तीन महिन्यांत खाते थकीत दिसू लागते, घराच्या तपासणीसाठी माणूस पाठविल्याचे शुल्क लागते, वकिलाचे शुल्क लागते. एवढ्यात कर्ज दुसऱ्या कंपनीकडे हस्तांतरित होते आणि नव्या कंपनीला वारशात मिळते ती केवळ थकबाकीची नोंद. तिच्यामागचा वाद नव्हे. कर्जदाराच्या हातात मात्र दर महिन्याच्या धनादेशाच्या पावत्या असतात.

हे कोणा एकाच्या दुर्दैवाचे वर्णन नव्हे. फेअरबँक्स कॅपिटल या कंपनीवर अमेरिकी सरकारने नेमके हेच आरोप ठेवले होते : वेळेवर आलेले हप्ते वेळेवर न नोंदविणे, विमा असताना पुन्हा विमा लादणे आणि बेकायदा शुल्के आकारणे. नोव्हेंबर २००३ मध्ये ४ कोटी डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली आणि पुढल्या वर्षी नाव बदलले! नावे बदलण्याची ही विद्या त्या धंद्यात फार प्रचलित आहे. २०१० च्या जूनमध्ये कंट्रीवाइडच्या प्रकरणात १० कोटी ८० लाख डॉलरची तडजोड झाली. अडचणीतील कर्जदारांकडून गवत कापण्यापासून तपासणीपर्यंतच्या सेवांसाठी फुगविलेले दर उकळल्याचा तेथे आरोप होता. डिसेंबर २०२० मध्ये नेशनस्टारवर कारवाई झाली, तेव्हा आरोपांच्या यादीत एस्क्रोतून घरकर वेळेवर न भरल्याचाही समावेश होता. ज्या कामासाठी खाते निर्माण झाले तेच काम राहिले!

लादलेल्या विम्याचा प्रकार स्वतंत्रपणे सांगावा लागेल. कर्जदाराचा विमा संपल्याचे कंपनीला वाटले की ती स्वतः विमा उतरविते आणि त्याचा हप्ता एस्क्रोत घालते. हा विमा बाजारभावापेक्षा कितीतरी महाग, आणि संरक्षण प्रामुख्याने सावकाराच्या हिताचे. घरातील सामानसुमान त्यात येत नाही. महाग का, याचे उत्तर न्यूयॉर्क राज्याच्या चौकशीत मिळाले : विमा कंपन्यांकडून कर्ज-कंपन्यांच्या भगिनी संस्थांना दलाली पोहोचत होती. मार्च २०१३ मध्ये अश्युरंट या विमा कंपनीने १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड भरून व्यवहार सुधारण्याचे मान्य केले. जानेवारी २०१४ पासून असा विमा लादण्यापूर्वी ४५ दिवस आधी लेखी सूचना आणि नंतर स्मरणपत्र देणे बंधनकारक झाले.

२००८ च्या अर्थसंकटानंतर हा सारा प्रकार चव्हाट्यावर आला. २०१० या एका वर्षात २८ लाखांहून अधिक मालमत्तांवर जप्तीच्या कारवाईची कागदपत्रे निघाली. इतकी प्रकरणे न्यायालयात न्यायची तर प्रत्येकासाठी शपथपत्र हवे. खाते स्वतः तपासले, आकडे बरोबर आहेत, असे कोणीतरी शपथेवर सांगितले पाहिजे. त्या वर्षी मेन राज्यातील एका छोट्या दाव्यात वकिलाने जीएमएसीच्या कर्मचाऱ्याची उलटतपासणी घेतली आणि निष्पन्न झाले की, तो महिन्याला सुमारे दहा हजार कागदांवर स्वाक्षऱ्या करीत होता. वाचायला वेळ कोठला? सप्टेंबर २०१० मध्ये त्या कंपनीने २३ राज्यांतील ताबा घेण्याच्या कारवाया थांबविल्या; ऑक्टोबरात बँक ऑफ अमेरिकेने सर्व पन्नास राज्यांत लिलाव स्थगित केले. डॉकएक्स नावाच्या कंपनीत तर एकाच नावाच्या स्वाक्षऱ्या निरनिराळ्या हस्ताक्षरांत होत होत्या. असे दहा लाखांहून अधिक कागद निघाले, आणि तिच्या संस्थापिकेला २०१३ मध्ये पाच वर्षांचा कारावास झाला. बड्या बँकांचे संचालक मात्र घरीच राहिले.

न्यायाधीशांपैकी काहींनी याआधीच कान टवकारले होते. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी क्लीव्हलँड येथील संघीय न्यायाधीश ख्रिस्तोफर बॉयको यांनी डॉइश बँकेचे चौदा दावे एका फटक्यात निकालात काढले, कारण दावा दाखल करतेवेळी कर्ज आपल्या मालकीचे होते हे बँकेला दाखविता आले नाही. जानेवारी २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने इबानेझ खटल्यात स्प्रिंगफील्डमधील दोन घरांचे लिलाव रद्द ठरविले. लिलावाच्या दिवशी गहाण आपल्याकडे हस्तांतरित झाले होते याचा पुरावा बँकांजवळ नव्हता. तारण विकण्याचा अधिकार सांगणाऱ्याने आधी आपला अधिकार कागदावर दाखवावा, एवढीच अपेक्षा होती. आणि ती आपल्या तलाठ्याच्या कचेरीतसुद्धा असते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या निकालांवरून 'मूळ वचनचिठ्ठी दाखवा, नाहीतर कर्ज माफ' असा एक पंथच तेथे निघाला. त्याच्या नादी लागून, सल्लागार म्हणविणाऱ्यांना हजारो डॉलर देऊन अनेकांनी उरलेसुरलेही गमावले. इबानेझ निकालाने कर्ज पुसले गेले नव्हते, केवळ लिलाव रद्द झाला होता. घेतलेले पैसे फेडलेच पाहिजेत, याविषयी कोणत्याही न्यायालयाने शंका ठेवलेली नाही. आणि त्या तेजीच्या काळात ऋण काढून सण करणारेही थोडे नव्हते. उत्पन्नाचा खोटा आकडा लिहून तीन-तीन घरे घेणारा आणि एस्क्रोच्या गोंधळात राहते घर गमावणारा, या दोघांना एकाच तागडीत घालता येणार नाही.

भरपाई काय झाली? फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच बड्या बँकांनी ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी २५ अब्ज डॉलरची तडजोड केली. दुसरीकडे २००९ आणि २०१० मधील जप्तीची प्रकरणे स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचा उपक्रम २०११ मध्ये सुरू झाला. तज्ज्ञांच्या शुल्कावर सुमारे दोन अब्ज डॉलर गेले आणि जानेवारी २०१३ मध्ये तपासणी अर्धवटच सोडून देण्यात आली. मग सुमारे ४२ लाख कर्जदारांना ठोक रकमांचे धनादेश धाडण्यात आले. मोजक्यांना सव्वा लाख डॉलर मिळाले. पुष्कळांच्या पाकिटातून ३०० डॉलर निघाले. ज्याचे घर गेले त्याने ते तीनशे डॉलर कशाला लावावेत, हे पत्रात लिहिले नव्हते.

नियम मात्र सुधारले. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या ग्राहक वित्तसंरक्षण कार्यालयाने जानेवारी २०१४ पासून असे ठरविले की, थकबाकी १२० दिवसांहून अधिक झाल्याखेरीज जप्तीचे पहिले पाऊल टाकता येणार नाही, आणि पुनर्रचनेचा परिपूर्ण अर्ज विचाराधीन असताना दुसऱ्या हाताने लिलाव उरकता येणार नाही. पूर्वी ते सर्रास होत असे. एक विभाग सवलतीचे पत्र पाठवी आणि दुसरा घरावर नोटीस डकवी. हिशेबाबद्दल लेखी तक्रार आली तर पाच कामकाजाच्या दिवसांत पोच आणि साधारणतः तीस कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. कर्ज नव्या कंपनीकडे गेले तर पहिले साठ दिवस जुन्या कंपनीकडे वेळेत गेलेला हप्ता उशिराचा मानता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये या कार्यालयाचे काम थांबविण्याचे आदेश निघाले आणि त्यावरून न्यायालयीन झगडा सुरू झाला. नियम कागदावर असणे आणि त्यांच्यामागे दंडा घेऊन कोणी उभे असणे, यांत अंतर आहे. एस्क्रोत पडून राहणाऱ्या पैशांवर व्याज द्यावे की नाही, हाही वाद मिटलेला नव्हता. न्यूयॉर्कचा कायदा किमान दोन टक्के द्या म्हणतो, बँक ऑफ अमेरिका म्हणाली की राष्ट्रीय बँकांना तो लागू नाही, आणि मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे धाडले.

तेव्हा तिकडच्या मुलांशी रविवारी बोलताना काही साध्या गोष्टी विचारण्यास हरकत नाही. वर्षातून एकदा येणारे एस्क्रोचे विवरणपत्र वाचले का? त्यातील कराचा आकडा काउंटीच्या नोंदीशी ताडून पाहिला का? तक्रारीचे पत्र हप्त्याच्या चिठ्ठीवर खरडून चालत नाही, ते तक्रारींसाठी नेमून दिलेल्या पत्त्यावर स्वतंत्रपणे जावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाद चालू असताना मागितलेली पूर्ण रक्कम भरावी आणि मग भांडावे. तत्त्वासाठी पाचशे डॉलर अडवून ठेवणारा माणूस सस्पेन्स खात्याच्या विहिरीत स्वतःहून उडी घेतो.

एक प्रसंग या सर्वांहून कठीण आहे आणि तो विशेषतः भारतीयांवर येतो. एच-१बी व्हिसावरील अभियंत्याची नोकरी गेली, तर दुसरी मिळविण्यासाठी त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. २०२२-२३ मधील नोकरकपातीत ही साठ दिवसांची मोजदाद अनेक मराठी घरांनी केली. कर्जाच्या कायद्यातील संरक्षण १२० दिवसांचे, आणि देशात राहण्याची मुभा साठ दिवसांची! अशा वेळी घर घाईने विकता आले तर ठीक, नाहीतर कुटुंब परत येते आणि घर कर्जासह तेथेच राहते. घर रिकामे राहिले की नेहमीच्या गृहविम्याचे संरक्षण काही आठवड्यांनी आक्रसते. ते सर्व्हिसरला कळले की लादलेला विमा येतो, त्याने एस्क्रो वाढतो आणि हप्ता वाढतो. घर फिरले की घराचे वासेही फिरतात. वाढीची सूचना, तुटीचे विवरण, थकबाकीचे पत्र हे सारे त्या रिकाम्या घराच्या पेटीत पडत राहते. टेक्सासमध्ये तर या लिलावासाठी सहसा न्यायालयाच्या हुकुमाचीही गरज नसते. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीच्या कचेरीत बोली लागते, आणि त्याची किमान एकवीस दिवस आधीची नोटीस कर्जदाराच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर टपालाने रवाना झाली की कायद्याच्या दृष्टीने ती पोहोचलेली असते. म्हणून विमानात बसण्यापूर्वी दोन कामे तरी उरकली पाहिजेत : सर्व्हिसरला भारतातील टपालाचा पत्ता लेखी कळवून त्याची पोच घेणे, आणि घराची विक्री, पत्रव्यवहार व पुनर्रचनेचा अर्ज करता येईल असे कुलमुखत्यारपत्र तेथील विश्वासू मित्राच्या नावे नोटरीसमोर करून ठेवणे.